‘दूधच नाही’ म्हणण्याआधी

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत बाजेशेजारी बसलेल्या बायकांचा एक निकाल ठरलेला असतो: ‘हिला दूधच आलं नाही.’ तेर असो, ढोकी असो की धाराशिवातला खासगी दवाखाना, वाक्य तेच. निकाल लागला की साखरेचं पाणी, गुळाचं पाणी, मधाचं बोट, पाणी घातलेलं गाईचं दूध, नाहीतर मेडिकलमधून आणलेला पावडरचा डबा. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. निकाल फक्त दोन दिवस आधी लागलेला असतो.

कारण सुरुवातीला येतो तो चीक. थोडा, दाट, पिवळसर. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळेला जेमतेम चहाचा चमचाभर, म्हणजे ५ ते ७ मिलिलिटर मावतं, आणि चीक येतो तोही तेवढाच. त्यात रोगाशी लढणारी द्रव्यं असतात, अ जीवनसत्त्व असतं, आणि बाळाची पहिली काळी शी बाहेर पडायलाही त्याची मदत होते. भरपूर दूध उतरतं ते साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेलीला आणखी थोडा उशीर लागू शकतो. म्हैस व्याली की खरवसासाठी चीक मागायला आपण चार घरं फिरतो, आणि बाईचा चीक मात्र ‘जड असतो, लेकराला पचत नाही’ म्हणून पिळून टाकायला सांगतो. याला काय म्हणावं?

दुसरा पुरावा दिला जातो तो वजनाचा. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोनेक आठवड्यांत भरून येतं. हे निसर्गाचंच गणित आहे. बाळ रडतं हाही पुरावा नव्हे. ते गरम होतं म्हणून रडतं, ओलं झालं म्हणून रडतं, नुसतं कुशीत घ्यावं म्हणूनही रडतं. खरी खूण लंगोटात सापडते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी करत असेल तर दूध पुरतंय. लघवी कमी, बाळ मलूल, ओढायलाच तयार नाही, असं असेल तर मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

वरचं दूध सुरू केलं की काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूकडे निरोप जातो. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन पान्हा फोडतं. छाती जितकी रिकामी होते तितकं दूध पुन्हा बनतं. वाटीभर गाईचं दूध पिऊन बाळ तीन तास झोपलं, तर ते तीन तास निरोपच गेला नाही. दुसऱ्या दिवशी दूध खरंच कमी येतं आणि सासू म्हणते, ‘मी म्हटलं नव्हतं?’ बाईचं दूध आटलं नाही, घरानं ते आटवलं. रात्री प्रोलॅक्टिनचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे ‘रात्री आईला झोपू द्या, बाळाला बाटली द्या’ ही मायाही अंगाशी येते. खरोखर दूध कमी असणाऱ्या बायका असतात, थायरॉइडचा आजार, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, स्तनाची शस्त्रक्रिया अशी कारणं असतात. पण त्या थोड्या, आणि तो निर्णय डॉक्टरांनी करायचा.

आता एक मोठा गैरसमज: बाळंतपण दवाखान्यात झालं म्हणजे बाकीचं आपोआप होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण जन्मानंतर तासाभरात छातीला लागलेली बाळं ५३.२ टक्केच. आधीच्या फेरीत हाच आकडा ५७.५ होता. म्हणजे दवाखाने वाढले आणि पहिला तास हातचा गेला. त्याच काळात सिझेरियन २०.१ वरून २५.४ टक्क्यांवर गेली. सिझेरियन झालेलीला लगेच पाजता येत नाही असं नातेवाईकच नव्हे, कधी कधी कर्मचारीही सांगतात. पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत आई जागी असते. बाळ धरायला कुणी मदत केली तर ती तासाभरात पाजू शकते. अडतं ते मदतीला कुणी नसतं म्हणून. त्याच सर्वेक्षणात पहिले सहा महिने फक्त आईचं दूध मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण मात्र ५६.६ वरून ७१ टक्क्यांवर गेलं. सांगितलं की लोक ऐकतात.

मदत म्हणजे काय, तेही पाहू. बाळाचं डोकं आणि पाठ एका रेषेत, पोट आईच्या पोटाला लागलेलं. तोंड जांभईसारखं मोठं उघडलं की मगच छातीला लावायचं. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. बोंडाला चिरा पडल्या तर ‘नाजूक आहे पोरगी’ म्हणण्याआधी पकड बघावी.

तेरच्या मे महिन्यात चाळिशीपार ऊन असतं, तेव्हा ‘लेकराचा घसा सुकेल’ म्हणून चमचाभर पाणी देणं अगदी साहजिक वाटतं. पण आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा ओढतं आणि तहान भागवून घेतं. पाणी प्यायला द्यायचं ते आईला. आणि नेमकं तिथंच घरात पथ्य आडवं येतं: बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं, डाळ-भाजी मोजून खावी. अळिवाचे, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी यांना माझी काहीच हरकत नाही. बाईच्या ताटात चार घास जास्त पडतात. उपाशी ठेवणारं पथ्य मात्र सोडावं. बारीक बाईलाही दूध येतं, फक्त ते तिच्या अंगातून वसूल होतं.

बाकीचं थोडक्यात. उन्हातून आलेल्या आईचं दूध ‘तापत’ नाही. साध्या तापात, सर्दीत पाजत राहावं. मध वर्षाच्या आत नको, त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बोटुलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. गुटी, ग्राइप वॉटर सहा महिन्यांच्या आत लागत नाही. उष्टावण सहा महिने पूर्ण झाल्यावर.

पण सगळं माहीत असलेल्या बाईचंही पाजणं सुटतं, आणि ते कामापायी. संत गोरा कुंभार, म्हणजे गोरोबाकाकांची गोष्ट तेरमध्ये पोरासोरांना पाठ आहे: भजनात रंगलेल्या गोरोबांच्या पायाखाली चिखलात लेकरू तुडवलं गेलं. गोष्ट भक्तीची म्हणून सांगतात. मला त्यात त्यांची बायको संती दिसते. लेकरू मागे ठेवून तिला पाण्याला जावं लागलं होतं. आज पाणी नळाला येत असेल, पण खुरपणी आहे, सोयाबीनची काढणी आहे, आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. उचल दोघांच्या नावावर घेतलेली असते, त्यामुळे ओल्या बाळंतिणीलाही फडात जावं लागतं. लेकरू कोपीत, थोरल्या बहिणीच्या मांडीवर. २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. कोयत्याला ती लागू होत नाही. अशा आईला ‘सहा महिने फक्त अंगावरचं पाजा’ एवढंच सांगणं म्हणजे थट्टा. तिला सांगायचं तर हे सांगावं: निघण्याआधी पाज, हात धुऊन, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत उरलेलं दूध पिळून, झाकून सावलीत ठेव, मागं असेल तिनं ते वाटी-चमच्यानं तीन-चार तासांच्या आत पाजावं, बाटली नको. आणि दुपारच्या सुट्टीत लेकरू फडाच्या बांधावर आणता येईल का, ते मुकादमाला विचारावं.

राहिला पावडरचा डबा. तो विकणाऱ्यांवर १९९२ च्या कायद्यानं जाहिरातीची बंदी घातली, २००३ मध्ये ती कडक केली. तरी डबा घरात येतो, कारण तिसऱ्या दिवशी घाबरलेल्या घराला जाहिरात लागत नाही.

साधं बाळंतपण असेल तर ४८ तासांनी घरी सोडतात. म्हणजे दूध उतरण्याचा, छाती दगडासारखी भरून येण्याचा आणि घर घाबरण्याचा दिवस नेमका घरीच उजाडतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या घरोघरी नवजात काळजीच्या कामातून पुढं देशभर आशाताईंच्या भेटी सुरू झाल्या. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी होतात. अडचण अशी की पहिलटकरीण माहेरी गेलेली असते, आणि नाव सासरच्या आशाताईंच्या वहीत. म्हणून सातव्या महिन्यात माहेरी जातानाच तिथल्या आशाताईंना कळवून ठेवावं, आणि तिसऱ्या दिवशी त्या आल्या की त्यांना चहा पाजून वाटेला लावू नये. एक पूर्ण पाजणं त्यांच्या समोर करावं.