पद्मिनीच्या पोटातले दुखणे

माणसाला वय लपवता येते. मोटारीला येत नाही. आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी 1989 सालची. वडिलांनी फंडातले पैसे काढून ती घेतली, तिच्यातूनच मी लग्नाला गेलो आणि चिरंजीव तिच्यातूनच दवाखान्यातून घरी आले. खाजगी मोटारीला पंधरा वर्षे झाली की पुढे दर पाच वर्षांनी तिची नोंदणी नव्याने करावी लागते. 2024 साली आमच्यावर ती पाळी आली. त्याआधी धुराच्या तपासणीचा, म्हणजे पी.यू.सी.चा, दाखला हवा. “दहा मिनिटांत येतो,” असे सौ.ला सांगून मी निघालो.

तपासणीच्या पोऱ्याने सायलेन्सरच्या तोंडात नळी खुपसली, यंत्राकडे पाहिले आणि मान हलवली.

“साहेब, नापास.”

शाळेतसुद्धा हा शब्द मी इतक्या लोकांसमोर ऐकला नव्हता. कार्बन मोनॉक्साइड 6.4 टक्के! आमच्या मोटारीच्या वयाला मर्यादा आहे 3 टक्क्यांची. दुसरा आकडा हायड्रोकार्बनचा, तो दहा लाख भागांत 940, आणि मर्यादा 1500. म्हणजे एका विषयात नापास, दुसऱ्यात पास. पोऱ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, “शेजारी गॅरेज आहे. स्क्रू आवळून आणा, लगेच पास होईल.”

हा स्क्रू माझ्या ओळखीचा होता. मागच्या दोन्ही खेपांना आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने दाखल्यापूर्वी तोच आवळला होता आणि घरी येताना पुन्हा सैल केला होता, कारण आवळला की गाडी सिग्नलला बंद पडे. मी त्याला ‘ट्यूनिंग’ समजून पैसे मोजत होतो!

घरी चिरंजीवांनी निकाल दिला, “बाबा, भंगारात द्या.” मी त्या रात्री जेवलो नाही. (सौ. म्हणते, दोन पोळ्या कमी खाल्ल्या, इतकेच.)

दुसऱ्या दिवशी नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीकडे पाहिलेच नाही. आधी कागद मागितला. डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट वाचतात तसा तो वाचला आणि म्हणाले, “ठिणगी ठीक आहे. पेट्रोल जास्त जातंय.”

कागदावरून हे कसे कळले, ते त्यांनी चहा पिता पिता समजावले. पेट्रोल पुरते जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. हवा कमी पडली, की ते अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ठिणगीच चुकली, की पेट्रोल न जळता तसेच बाहेर येते आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. मग प्लग, पॉइंट, टायमिंग तपासायचे. दोन आकडे म्हणजे दोन वेगळ्या गल्ल्या. आम्हाला पहिल्या गल्लीत शिरायचे होते.

“हल्ली पेट्रोलात इथेनॉल मिसळतात, त्याचा तर दोष नसेल?” मी माझे ज्ञान पाजळले.

“साहेब, इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असतो. त्याने मिश्रण पातळ होईल, घट्ट नाही. त्याच्यावर नका ढकलू.”

मग तपास सुरू झाला. एअर फिल्टर धुळीने भरलेला निघाला, नवा घातला. मिस्त्रींकडे जुने गॅस-यंत्र होते, त्यावर आकडा 5.8. चोकची तार गंजली होती. बटण आत गेले तरी चोक पुरता सुटत नव्हता. तेल घातले, 5.1. मला वाटले, संपले. मिस्त्री मात्र प्लग काढून बसले. चांगल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असते. आमचे चारही काजळासारखे काळे, कोरडे. ते तेलाने ओले असते, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या आणि खर्च हजारांत गेला असता. त्यांनी ऑइलची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली. तिला पेट्रोलचा वास! जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचे ऑइल धुऊन खाली उतरत होते. आणखी वर्षभर असेच चालले असते, तर इंजिनच गेले असते.

शेवटी कार्बुरेटर उघडला. त्यात पेट्रोलची एक छोटी कुंडी असते आणि तिच्यात पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीत असतो ना, तोच चेंडू! पेट्रोल चढले की तो वर येतो आणि सुईने नळ बंद करतो. मिस्त्रींनी फ्लोट कानाशी नेऊन हलवला, मग माझ्या कानाशी. आत ‘चुळुक चुळुक’ वाजत होते.

गरम पाण्यात बुडवताच त्याच्या सांध्यातून बारीक बुडबुडे येऊ लागले. पस्तीस वर्षांच्या पितळेला सुईच्या टोकाएवढे भोक! त्यातून पेट्रोल आत शिरले, फ्लोट जड झाला, नळ उशिरा बंद होऊ लागला आणि कुंडी भरभरून वाहू लागली. डाग देता आला असता, पण डागाचेही वजन होते. म्हणून फ्लोट नवाच बसवला, सोबत सुईही. मग मिस्त्रींनी स्क्रूला हात लावला, अगदी शेवटी. आकडा 2.1, आणि इंजिन शिवणयंत्रासारखे एकसुरी.

ज्यांची मोटार 2000 नंतरची आहे, त्यांनी फ्लोट शोधू नये. तो तिथे नसतोच. तिथे पेट्रोल संगणक मोजतो, आणि त्याला खबर देणारा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला की संगणक फसतो. शिवाय धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर पुरता तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून तपासणीला जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवावी. कोपऱ्यावरून थंड गाडी नेऊन नापास झालेले गृहस्थ आमच्याच सोसायटीत आहेत.

घरी येऊन मी ही हकिगत मोठ्या ऐटीत सांगितली. सौ. शांतपणे म्हणाली, “अहो, गेलं वर्षभर मी म्हणतेय, साडीला पेट्रोलचा वास येतो म्हणून. तुम्ही म्हणालात, जुन्या गाडीला येतोच.” लिटरला बाराची आठ किलोमीटर झाली, तेव्हाही मी रहदारीला दोष दिला होता.

पण मला बोचले ते वेगळेच. रोज सकाळी मी गाडी पाच मिनिटे नुसती चालू ठेवत असे, ती तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीखाली. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. काकू “डोकं जड होतं रे सकाळी” म्हणत, आणि मी त्यांना चष्म्याचा नंबर तपासायला सांगत असे. खिशात दाखला होता ना!

दुसऱ्या दिवशी नवा दाखला घेऊन मी काकूंकडे गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चिवड्याची बशी पुढे केली आणि म्हणाल्या, “बरं झालं. पण गाडी उद्यापासून फाटकापाशीच लाव.”

हल्ली मी ती तिथेच लावतो.