विंचू चावल्यावर डॉक्टर आधी हातपाय का चाचपतात?

(इयत्ता सातवी)



भातकापणी सुरू झाली की आपल्याकडे विंचवांचे दिवस येतात. पेंढा उचलताना, गडग्याच्या चिऱ्यात हात घालताना, अंधारात चपला शोधताना विंचू चावतो. (खरं म्हणजे तो चावत नाही, शेपटीच्या टोकाची नांगी टोचतो. पण आपण सगळे चावलाच म्हणतो, म्हणून मीही तसंच लिहिते.) गुरुजींनी मला या अंकासाठी आरोग्य केंद्रातून माहिती विचारून आणायला सांगितली. तिथल्या डॉक्टर बाईंनी दुपारी गर्दी कमी झाल्यावर मला जवळ बसवून सगळं समजावलं.

मी पहिल्यांदा विचारलं, "बाई, माणूस जितका जास्त ओरडतो तितकं विष जास्त चढलेलं, असं आजी म्हणते. खरं का?"

बाई म्हणाल्या, "पुष्कळदा उलटंच असतं."

विंचू चावलेला माणूस आला की त्याला दोन प्रकारांत बघायचं असतं. एकाला चावल्या जागी भयंकर आग होते, तो गडाबडा लोळतो, पण त्याचे हातपाय गरम असतात, घाम नाही, उलटी नाही. त्याला वेदना खूप, पण जिवाला धोका कमी. दुसरा गप्प असतो. दुखतं, पण सोसवतं, असं म्हणतो. मात्र त्याला दरदरून घाम फुटलेला असतो, उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय थंडगार पडतात. धोका याला. म्हणून डॉक्टर आधी कपाळ, हात आणि पावलं चाचपून बघतात, नाडी बघतात, रक्तदाब मोजतात. विंचू कुठला होता तेही विचारतात. काळा मोठा विंचू दिसायला भीतिदायक, पण आपल्याकडे माणसं दगावतात ती लहान लाल विंचवाने.

हातपाय थंड का पडतात? लाल विंचवाचं विष मज्जातंतूंना सारखं चेतवत राहतं. अंगात एकाएकी एक रस फार मोठ्या प्रमाणात सुटतो. आपण घाबरल्यावर छाती धडधडते ना, त्याच जातीचा रस, पण कितीतरी पट जास्त. त्याने रक्तवाहिन्या आवळतात. शेतात पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं की पंपावर ताण येतो, तसा हृदयावर ताण येतो. हृदय थकलं की फुप्फुसांत पाणी भरतं, धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. विंचवाचा माणूस मरतो तो यानेच.

हे पूर्वी नीट कळलेलं नव्हतं. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. विंचवाचे रोगी डोळ्यांदेखत जात होते. डॉक्टर त्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून कधी घाम आला, कधी नाडी बदलली हे टिपून ठेवू लागले. धोक्याची लक्षणं कोणती, हा त्यांचा लेख १९८२ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या साप्ताहिकात आला. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध त्यांनी सलाइनमधून देऊन पाहिलं. त्याने माणूस वाचे, पण क्षणाक्षणाला रक्तदाबावर नजर ठेवावी लागे. खेड्यात ते कसं जमणार? शेवटी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी उपयोगी पडली. तो लेख १९८६ सालचा. पूर्वी विष अंगात भिनलेल्या १०० जणांतले ३० ते ४० जायचे, आता एखादा जातो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली त्यांनी हेही छापलं, की गोळीबरोबर विंचवाची प्रतिविष लस दिली तर माणूस आणखी लवकर बरा होतो.

मी विचारलं, "मग आल्याबरोबर प्रत्येकाला गोळी देऊन टाकायची ना!" बाई हसल्या. म्हणाल्या, "इथेच तर डॉक्टरचं काम असतं." ज्याला नुसती आग आहे त्याच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या नसतात. त्याला गोळी दिली तर रक्तदाब उगाच उतरेल, चक्कर येईल. त्याला जागा बधिर करणारं इंजेक्शन देतात, दुखण्याची गोळी देतात आणि काही तास नजरेखाली ठेवतात, कारण लक्षणं मागाहूनही सुरू होतात. ज्याला गोळी दिली त्याला निजवून ठेवतात, उठू देत नाहीत. दर तीन तासांनी पुन्हा गोळी, हातपाय गरम होईपर्यंत.

आमच्या वाडीतल्या एका काकूंचं असंच झालं. त्या रडल्या नाहीत, म्हणून सगळे म्हणाले, बारकासा असेल, होईल बरं. कुणी भगताकडे न्या म्हणालं. पण त्यांच्या पुतण्याने पाहिलं, की थंडीच्या दिवसांत काकूंचा पदर घामाने भिजलाय. त्याने सरळ रिक्षात घातलं. रात्रभर नर्सताई येऊन त्यांची पावलं चाचपत होत्या. तिसऱ्या दिवशी काकू घरी आल्या.

भगताचं मला फार दिवस कोडं होतं, कारण त्याच्याकडे जाऊन माणसं बरी होतात हे मी स्वतः बघितलंय. बाईंचं म्हणणं असं, की नुसती आग होणारे पुष्कळ असतात आणि ते काही न करताही एक-दोन दिवसांत बरे होतात. भगताचं नाव होतं ते त्यांच्यामुळे. थंड हातपायवाला तिथे बसून राहिला तर वेळ निघून जातो. मला हे पटलं. आजीला अजून अर्धंच पटलंय.

पालकांनी घरी कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. गाडी नसेल तर १०८ नंबर लावावा. प्राझोसिन घरी आणून ठेवून आपल्या मनाने देऊ नये.

आणि मुलाचं वजन लक्षात ठेवावं. पोर घामाने भिजलेलं असताना डॉक्टर आधी वजन काय विचारतात, म्हणून काही लोक चिडतात. पण लहान मुलांना ही गोळी वजनावर मोजून द्यायची असते, दर किलोला ३० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. माझं वजन २९ किलो आहे, म्हणजे मला एका वेळी ८७० मायक्रोग्रॅम लागेल. तुमचं तुम्ही काढा, वजनं गुरुजींच्या वहीत आहेत.