पक्षाघात : जवळचे रुग्णालय की योग्य रुग्णालय?

मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद झाली अथवा फुटली म्हणजे पक्षाघात होतो. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. परंतु मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास तेच औषध घातक ठरते. म्हणून प्रथम सीटी स्कॅन करून निदान करावे लागते. यासाठी यंत्र, तज्ज्ञ डॉक्टर व प्रशिक्षित परिचारिका रात्रंदिवस सज्ज असाव्या लागतात. प्रत्येक रुग्णालयात अशी व्यवस्था ठेवणे शक्य नसते.

या अडचणीवर लंडन शहराने काढलेला मार्ग अभ्यसनीय आहे. तेथे पूर्वी सुमारे ३० रुग्णालयांतून पक्षाघाताच्या रुग्णांवर उपचार होत. २०१० मध्ये त्यांपैकी आठ ठिकाणी चोवीस तास चालणारी तातडीच्या उपचारांची केंद्रे उभारण्यात आली. रुग्णवाहिकेने ३० मिनिटांत केंद्र गाठता यावे, अशी आखणी होती. पहिले काही दिवस केंद्रात काढल्यावर पुढील उपचारांसाठी रुग्णास त्याच्या भागातील रुग्णालयात पाठविले जाई.

त्याच वर्षी मँचेस्टर परिसरातही फेररचना झाली. मात्र लक्षणे दिसल्यापासून चार तासांच्या आत येणाऱ्या रुग्णांसाठीच. तेथील तीन केंद्रांपैकी एकच चोवीस तास उघडे असे. परिणामी लंडनमध्ये दहापैकी नऊहून अधिक रुग्ण केंद्रात पोहोचले, तर मँचेस्टरमध्ये जेमतेम चार. दोन्हीकडे रुग्णालयातील मुक्काम घटला. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, देशातील सर्वसाधारण सुधारणेच्या तुलनेत मृत्यूंमध्ये अधिक घट झाली ती लंडनमध्येच. तेथे वर्षाकाठी सुमारे ९६ प्राण अधिक वाचले. २०१५ मध्ये मँचेस्टरनेही सर्व रुग्णांसाठी केंद्रे खुली केली. त्यानंतर केंद्रांत दाखल झालेल्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे २०१९ च्या पाहणीत आढळले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ केंद्रे उभारून भागत नाही. कोणास कोठे न्यावयाचे, याचा नियम सोपा व सर्वांना लागू असावा लागतो. आपल्याकडील डोंगराळ व दूरच्या तालुक्यांना तीस मिनिटांचे माप जसेच्या तसे लावता येणार नाही. तथापि कोणत्या रुग्णालयात सीटी स्कॅन व तज्ज्ञ चोवीस तास उपलब्ध आहेत, याची माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीत व शाळेत आधीच असणे अगत्याचे आहे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही लक्षण अकस्मात दिसल्यास वेळ नोंदवावी व १०८ क्रमांकावर तत्काळ कळवावे. चोळण्या-मालिशीत गेलेला तास पुन्हा मिळत नाही.