चीनचा जुना नकाशा : असल कोणता, नक्कल कोणती?

कापडवाल्याचे जुन्या नकाशांशी काय काम, असे आमचे स्नेही विचारतात. काही वर्षांपूर्वी एका दुकानात आम्हाला एकोणिसाव्या शतकातला म्हणून चीनचा नकाशा दाखवण्यात आला. मुंबईहून चीनला कापूस आणि अफू जात असे व त्या व्यापारात जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार आपले कोकणी महंमद अली रोघे होते, हे ऐकून होतो. त्या भरात घासाघीसही न करता घेतला. घरी येऊन सूत मोजायचे भिंग लावले, तर सगळा रंग बारीक ठिपक्यांचा! म्हणजे अलीकडची छपाई. पैसे बुडाले.

तेच भिंग आता खिशात असते. पोलादाच्या पत्र्यावर कोरून छापलेली रेघ त्याखाली सलग दिसते. पत्रा दाबल्याची खूण कडेने उमटते. कडा कापल्या असतील तर ती जाते आणि शिळाछापात ती नसतेच, म्हणून तेवढ्यावरून माल खोटा म्हणू नये. हाताने भरलेला रंग कुठे तरी रेघेबाहेर सांडतोच. अॅटलासमधल्या मोठ्या पानाला बहुधा मधोमध घडी असते. लंडनच्या जॉन टॅलिसच्या १८५१ च्या सुमाराच्या अॅटलासमधले, जॉन रॅपकिनने रेखाटलेले नकाशे संग्राहकांना फार आवडतात. भोवती वेलबुट्टी, कोपऱ्यात चित्रे. आमच्या नजरेला तर साडीचा काठच.

वय नकाशातल्या मजकुरावरूनही कळते. ह्वांग हो नदी १८५५ मध्ये पात्र बदलून शांतुंगच्या दक्षिणेऐवजी उत्तरेकडून समुद्राला मिळू लागली. नदी उत्तरेकडून दाखवली असेल आणि विकणारा १८४० साल सांगत असेल, तर समजून घ्यावे. हाँगकाँग इंग्रजांचे झाले १८४२ च्या नानकिंग तहाने, फोर्मोसा जपानकडे गेले १८९५ मध्ये. उलट जुनी नदी दिसली म्हणून नकाशा जुनाच, असे मात्र नाही. छापणारे जुने पत्रे वर्षानुवर्षे चालवीत.

शंभर वर्षांवरील पुरातन वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या कायद्याचे बंधन आहे. परदेशी गिऱ्हाइकाला शब्द देण्याआधी ते पाहावे. आणि दुकानदार नकाशा चौकटीतून काढून दाखवायला तयार नसेल, तर आम्ही चहा पिऊन उठतो.