स्वमग्नता

मेंदूच्या विकासातील भिन्नतेमुळे उद्भवणारी, बालपणाच्या आरंभीच प्रगट होणारी व आयुष्यभर टिकणारी एक अवस्था. इतरांशी संपर्क व देवाणघेवाण साधण्यातील मूलभूत अडचण आणि वर्तन, आवडीनिवडी व संवेदना यांतील साचेबंदपणा ही तिची दोन प्रमुख अंगे होत. ‘ऑटॉस’ म्हणजे ‘स्वतः’ या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ ही संज्ञा बनली असून तिच्यासाठी मराठीत ‘स्वमग्नता’ व ‘आत्ममग्नता’ हे पर्याय रूढ आहेत. दोन्ही पर्याय काहीसे दिशाभूल करणारे आहेत. मग्न होणे ही पुष्कळदा स्वेच्छेची क्रिया असते. या अवस्थेतील मूल मात्र स्वेच्छेने जगाकडे पाठ फिरवीत नसते. संज्ञा रुळली असल्यामुळे येथे तीच वापरली आहे.

लक्षणे : वर्षाच्या आसपासचे मूल झाडावरच्या चिमणीकडे बोट दाखविते आणि लगेच आईच्या तोंडाकडे पाहते. त्याला चिमणी नको असते. आईनेही ती पाहावी, एवढेच हवे असते. दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर व परस्परांवर असण्याच्या या क्रियेस संयुक्त अवधान म्हणतात. भाषा व सामाजिक आकलन यांचा पाया तीवर रचला जातो. स्वमग्न मुलांत ही क्रिया उशिरा, अल्प प्रमाणात किंवा मुळीच आढळत नाही. तहान लागली, तर असे मूल आईचे मनगट धरून तिचा हात तांब्यावर नेऊन ठेवते. तिच्याकडे पाहत नाही. हाक मारली असता ते वळून पाहत नाही, म्हणून पुष्कळ पालकांची पहिली शंका बहिरेपणाची असते. बोलणे उशिरा येते, कधी येतच नाही. आले, तर ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हटले जाते. ‘तुला पाणी हवे?’ असे म्हणणारे मूल वास्तविक स्वतःसाठी पाणी मागत असते. खेळण्यातील मोटार न चालविता तिचे चाक फिरवीत बसणे, वस्तू ओळीने मांडणे, शाळेचा नेहमीचा रस्ता बदलल्यास आकांत करणे, कुकरच्या शिटीने कान दाबून घेणे किंवा विशिष्ट कापडाचा स्पर्श न सोसणे ही लक्षणेही आढळतात. सुमारे एकतृतीयांश व्यक्तींत बौद्धिक अक्षमता असते. अपस्माराचे प्रमाणही सामान्यांपेक्षा अधिक असते. उलटपक्षी उत्तम बुद्धी व भाषा असलेल्या, परंतु लोकव्यवहारात अडखळणाऱ्या व्यक्तीही याच अवस्थेत मोडतात. हे वैचित्र्य लक्षात घेऊनच हल्ली ‘स्वमग्नता वर्णपट’ असा शब्दप्रयोग केला जातो.

इतिहास : ‘ऑटिझम’ हा शब्द प्रथम स्विस मनोविकारतज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी छिन्नमानस या विकाराच्या एका लक्षणासाठी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी वापरला. सोव्हिएट मनोविकारतज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२६ मध्ये एका जर्मन नियतकालिकात सहा मुलग्यांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते आजच्या निदानाशी आश्चर्यकारक रीत्या जुळते. तथापि ते दीर्घकाळ उपेक्षित राहिले. स्वतंत्र अवस्था म्हणून स्वमग्नतेला मान्यता मिळाली, ती बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लीओ कॅनर (१८९४–१९८१) यांच्या १९४३ च्या निबंधामुळे. त्यात आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा बालकांची हकीकत आहे. व्हिएन्नामधील हान्स ॲस्पर्गर (१९०६–८०) यांचा निबंध पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. ॲस्पर्गर यांनी नाझी राजवटीत काही अपंग बालके जेथे मारली जात, त्या संस्थेकडे पाठविल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पुढे आले. त्यानंतर त्यांच्या नावाने एखाद्या निदानास ओळखावे काय, हा प्रश्न अधिकच तीव्र झाला.

कॅनर यांच्या निबंधातील पहिल्या मुलाच्या वडिलांनी त्यांना तेहतीस पानी टंकलिखित पत्र पाठविले होते. मुलाच्या वर्तनाचे त्यातील बारकाईचे वर्णन, हा या शास्त्राचा एक मूळ आधार होय. म्हणजे स्वमग्नतेचे पहिले साक्षीदार पालकच होते. पुढे त्यांनाच आरोपी करण्यात आले, ही या विषयाच्या इतिहासातील सर्वांत दुःखद गोष्ट आहे. मुलांची ही अडचण उपजत असावी, असे कॅनर यांनी १९४३ मध्येच लिहिले होते; मात्र या मुलांचे आईवडील फारसे मायाळू नसतात, असा शेराही त्यांनी त्याच निबंधात मारला आणि नंतर त्यावर अधिक भर दिला. त्यांच्याकडे येणारी कुटुंबे बहुतांशी सुशिक्षित व सधन होती. तशाच कुटुंबांना अशा तज्ञापर्यंत पोहोचणे शक्य होते. त्यामुळे पालकांच्या स्वभावाविषयीचा निष्कर्ष अशा निवडक नमुन्यावरून काढणे मुळातच सदोष होते. शिकागो येथील ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने तर आईच्या थंडपणामुळे मूल स्वमग्न होते, ही कल्पना घरोघर पोहोचविली. अनेक मुलांना आईपासून दूर ठेवणे हाच उपचार ठरला.

या मताला पहिले भक्कम उत्तर एका पालकाने दिले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड हे स्वतः स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी १९६४ मध्ये उपलब्ध पुराव्याची छाननी करून स्वमग्नतेचे मूळ जैविक असल्याचे प्रतिपादन केले. सूझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांचा जुळ्या मुलांचा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच फलित अंड्यापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती. दोन अंड्यांपासून झालेल्या दहा जोड्यांत अशी एकही नव्हती. जोड्या मोजक्याच होत्या, पण मातृदोषाचा सिद्धांत या आकड्यांपुढे टिकू शकत नव्हता. तत्पूर्वी १९६९ मध्ये कॅनर यांनी पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केले होते. आपल्याकडे मात्र ‘आई नोकरी करते म्हणून’ किंवा ‘घरात दुसरे मूल नाही म्हणून’ असे निदान शेजारीपाजारी व कधीकधी डॉक्टरही अद्याप करतात.

कारणे : आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे नंतरच्या विस्तृत अभ्यासांतून सिद्ध झाले. शेकडो जीनांचा संबंध आढळला असून बहुतेकांचा परिणाम एकेकटा अल्प असतो; काही विरळ जीनबदलांचा मात्र मोठा असतो. पालकांचे अधिक वय, अकाली प्रसूती व गर्भारपणात घेतलेली व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे यांचाही संबंध दिसून येतो. गोवर, गालगुंड व जर्मन गोवर यांवरील एकत्रित लशीचा संबंध ब्रिटनमधील अँड्रू वेकफील्ड यांनी १९९८ मध्ये अवघ्या बारा मुलांवरून सुचविला. तो निबंध नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला व त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव वैद्यकांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. डेन्मार्कमधील ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लस घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत असा कोणताही फरक आढळला नाही.

निदान : रक्ततपासणी, मेंदूचे चित्रण किंवा अन्य कोणत्याही प्रयोगशालेय कसोटीने स्वमग्नतेचे निदान होत नाही. मुलाचे प्रत्यक्ष निरीक्षण व पालकांनी सांगितलेला विकासाचा इतिहास ही दोनच साधने होत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये या निदानाला स्वतंत्र स्थान मिळाले. ब्रिटिश संशोधक लोर्ना विंग व जूडिथ गूल्ड यांनी लंडनमधील कँबरवेल भागातील मुलांची पाहणी करून १९७९ मध्ये असे दाखविले, की कॅनर यांच्या वर्णनात काटेकोरपणे न बसणाऱ्या कितीतरी मुलांत त्याच अडचणी असतात. व्याख्या त्यामुळे विस्तारली. २०१३ च्या वर्गीकरणात पूर्वीचे उपप्रकार एकत्र करून एकच वर्णपट मानण्यात आला आणि आवाज, स्पर्श इ. संवेदनांवरील असामान्य प्रतिक्रियांचा लक्षणांत समावेश झाला.

निदान अनुभवी तज्ञास वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुमारास विश्वसनीय रीत्या करता येते. सोळा ते तीस महिन्यांच्या बालकांसाठी पालकांनी भरावयाची वीस प्रश्नांची एक चाळणीवजा प्रश्नावली उपलब्ध आहे. तीत संशय आला म्हणजे निदान झाले, असे मात्र नव्हे. प्रथम श्रवणचाचणी करणे आवश्यक असते. भारतात सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस विधानांची भारतीय मापनश्रेणी प्रमाणपत्रासाठी वापरतात. प्रत्येक विधानास एक ते पाच गुण असून ७० व त्यांहून अधिक गुण स्वमग्नता दर्शवितात. व्यवहारात निदान वर्षानुवर्षे लांबते. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही पाच वर्षांचा होईतो बोलत नव्हता’ असे घरातील वडीलधारे सांगतात आणि ते ऐकून डॉक्टरही थांबण्याचा सल्ला देतात. मुलींचे निदान अधिकच चुकते, कारण त्या इतरांचे अनुकरण करून आपली अडचण झाकू शकतात. मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या तिप्पट-चौपट दिसते, त्याला हेही अंशतः कारण असावे.

प्रमाण : अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलांपैकी २००० साली १५० मागे एकाचे, तर २०२२ साली ३१ मागे एकाचे निदान झालेले आढळले. या वाढीचा मोठा भाग विस्तारलेली व्याख्या व वाढलेली जाणीव यांमुळे आहे; तीवरून एखादी साथ पसरल्याचा अर्थ काढणे योग्य नाही. भारतात उत्तर गोवा, पलवल, कांग्रा, धेनकानाल व हैदराबाद या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची तपासणी करण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात सुमारे एक असे होते.

उपचार व साहाय्य : स्वमग्नता नाहीशी करणारे कोणतेही औषध नाही. रिस्पेरिडोनसारखी काही औषधे तीव्र चिडचिड व आत्मघातकी वर्तन यांवर उपयोगी पडतात. मूळ अवस्थेवर त्यांचा परिणाम होत नाही. तरीही दर काही वर्षांनी नवा रामबाण उपाय पुढे येतो. त्यांची परीक्षा कशी घ्यावी, याचा धडा सिक्रेटिन या पाचकरसाशी संबंधित हॉर्मोनाने घालून दिला. ते टोचल्यावर तीन मुले सुधारल्याचे वृत्त १९९८ मध्ये पसरताच पालकांची त्यासाठी झुंबड उडाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साठ मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून निम्म्यांना हॉर्मोन व निम्म्यांना मिठाचे पाणी देण्यात आले. कोणाला काय दिले, हे पालकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. मुले वाढत असतात, आणि आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना सुधारणा अधिक दिसते. निष्कर्ष सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना सिक्रेटिनविषयी उत्सुकता उरलीच होती. त्यांच्या भोळेपणापेक्षा त्यांना दुसरे काही देऊ न शकणाऱ्या वैद्यकाची उणीवच या आकड्यातून अधिक दिसते. शरीरातील जड धातू काढण्याचे उपचार तर घातकही ठरले आहेत. त्यांमुळे २००५ मध्ये अमेरिकेत एका पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला.

शिक्षणाधिष्ठित पद्धतींचा पुरावा अधिक आश्वासक आहे. लॉस अँजेल्स येथील ईव्हार लोव्हास यांनी आठवड्याला चाळीस तासांचे वर्तनप्रशिक्षण दिलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सामान्य शाळेत रमल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु गटांची विभागणी यादृच्छिक नव्हती आणि त्यांच्या पद्धतीत शिक्षेचाही वापर होता. आज शिक्षा त्याज्य मानतात. मुलाच्या आवडीच्या खेळातून शिकविण्याकडे कल आहे.

पालक येथे पुन्हा केंद्रस्थानी आले आहेत, या वेळी सहकारी म्हणून. मँचेस्टरच्या संशोधकांनी विकसित केलेल्या एका पद्धतीत पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रीकरण करून ते पालकांना दाखवितात. मूल कोणत्या क्षणी पुढाकार घेते आणि मोठ्यांच्या घाईने तो कसा विरून जातो, हे पडद्यावर दिसते. पालक थांबावयास व मुलामागून जावयास शिकतात. इंग्लंडमधील १५२ मुलांवरील २०१० च्या प्रयोगात लक्षणांवरील परिणाम नगण्य वाटला. पण सुमारे सहा वर्षांनंतरच्या पाहणीत लक्षणांची तीव्रता कमी राहिल्याचे दिसले. याच पद्धतीचे दक्षिण आशियाई रूप गोवा व रावळपिंडी येथे ६५ मुलांवर अजमावण्यात आले (२०१६). विशेष गोष्ट अशी, की ती तज्ञांनी न राबविता प्रशिक्षित बिगरतज्ञ कार्यकर्त्यांनी, सहा महिन्यांत बारा भेटी देऊन राबविली. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला व मुलांचा पुढाकार वाढला. परस्परांवरील सामाईक लक्षाचा काळ मात्र अपेक्षेविरुद्ध घटला. प्रयोग लहान होता. तथापि ज्या जिल्ह्यांत बालमानसोपचारतज्ञ नाही, तेथेही साहाय्य पोहोचू शकते, हे त्याने दाखविले.

मूल गोंधळू नये म्हणून घरात मराठी सोडून फक्त इंग्रजी बोलावे, असा सल्ला शहरांतून सर्रास दिला जातो. त्याला आधार नाही. दोन भाषा कानी पडणाऱ्या स्वमग्न मुलांची भाषावाढ त्यामुळे खुंटत नसल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. आजीशी बोलण्याची भाषा काढून घेतल्याने मुलाचा सहवास तेवढा कमी होतो. न बोलणाऱ्या मुलांना चित्रे किंवा यंत्राच्या साहाय्याने आपली गरज सांगता येते, आणि त्यामुळे बोलणे मागे पडते, ही भीतीही निराधार आहे.

प्रौढ स्वमग्न व्यक्ती गेल्या काही दशकांत स्वतः लिहू-बोलू लागल्या असून बरे करण्यापेक्षा समजून घेण्याची व परिसर अनुकूल करण्याची मागणी त्या करतात. कॅनर यांच्या निबंधातील पहिला मुलगा आपल्या मिसिसिपीतील गावच्या बँकेत नोकरी करीत, मोटार चालवीत व जगप्रवास करीत ८९ वर्षे जगला (मृ. २०२३). त्याचे घर सधन होते व गाव त्याला सांभाळून घेणारे होते. ज्यांना सतत आधार लागतो, अशांच्या पालकांचा प्रश्न ‘आमच्यामागे याचे कोण?’ हा असतो. भारतात १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. तो २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत झाला. तत्पूर्वीच, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये, अशा प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद करण्यात आली. त्यासाठीचा अर्ज जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे करता येतो आणि तो आईवडिलांनी हयात असतानाच करणे इष्ट असते.