निबंध : दिलेला आणि शिकवलेला

आपल्या शाळांत निबंध बहुधा शिकवला जात नाही. तो दिला जातो. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय फळ्यावर लिहून चार मुद्दे सांगितले, की गुरुजींचे काम संपते आणि गाईडचे सुरू होते. सहावी ते आठवी हे मुलाला स्वतःचे मत फुटण्याचे वय. नेमके तेव्हाच आपण त्याच्या हाती दुसऱ्याची वाक्ये ठेवतो.

अमेरिकेतही हा प्रश्न गाजला. जॅनेट एमिग यांनी १९७१ साली बारावीतील आठ विद्यार्थ्यांच्या लेखनप्रक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिहिणारा थांबतो, मागे वळतो, खोडतो. लेखन सरळ रेषेत चालत नाही, हे त्यातून दिसले. १९७४ साली जेम्स ग्रे यांनी बर्कलीच्या विद्यापीठात शिक्षकांसाठी लेखनप्रकल्प सुरू केला. लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, हे त्याचे सूत्र. पुढे तो देशभर पसरला. आधी कच्चा खर्डा, मग सोबत्यांना वाचून दाखवणे, मग पुनर्लेखन आणि शेवटी शुद्धलेखन, असा क्रम अनेक वर्गांत रुळला. २००३ साली न्यूयॉर्क शहराने लेखन-कार्यशाळेची ही रीत आपल्या बहुतेक शाळांत आणली.

परंतु याला दुसरी बाजू आहे. फिलाडेल्फियात शिकवलेल्या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ साली एका गाजलेल्या लेखात बजावले, की ज्यांच्या घरी प्रमाण इंग्रजी बोलली जात नाही, त्या मुलांना तिचे नियम उघडपणे सांगितलेच पाहिजेत. नुसते 'मोकळेपणाने लिहा' म्हटल्याने सत्तेच्या भाषेचे दार त्यांना उघडत नाही. मात्र त्यासाठी घरची बोली हिणवण्याचे कारण नाही.

हा मुद्दा मला फार जवळचा वाटतो. मी शहरातल्याच शाळेत शिकलो. घरी आम्ही 'पानी' म्हणत असू. वहीत त्यावर तांबडी रेघ येई. पण घरचा शब्द चुकीचा नसून परीक्षेची भाषा वेगळी आहे, एवढे कुणी सांगितले नाही. परिणामी आमच्यातली कित्येक मुले लिहायचीच थांबली.

म्हणून मला वाटते, की आपल्याला दोन्ही हवे : आधी निर्भय खर्डा आणि नंतर नियमांची स्पष्ट शिकवण. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने या इयत्तांसाठी पस्तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला आहे. पस्तीस वह्या दोनदोनदा तपासणे कुणालाही जड जाईल, हे खरे. पण पहिला खर्डा मुलांनी जोडीजोडीने एकमेकांचा वाचला, तर शिक्षकाला फक्त दुसरा पाहावा लागेल. वर्षाला वीस निबंध उतरवण्यापेक्षा पाचच लिहावेत, पण ते दोनदा लिहावेत. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बी. एड. करून वर्गावर उभे राहतील. त्यांनी फळ्यावर विषय लिहिल्यावर मुलांबरोबर आपलीही वही उघडावी, एवढीच विनंती.