सायकल आपल्या मापाची

भंडारा जिल्हा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर धानाच्या बांध्या दूरवर पसरलेल्या दिसतात. शाळेची वेळ झाली की या बांध्यांमधून जाणाऱ्या वाटांवर सायकलींच्या घंटा वाजू लागतात. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर अशा गावांकडे आसपासच्या खेड्यांतील मुलेमुली सायकलीवरून निघतात. राज्याच्या मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकल घेण्यासाठी मानव विकास कार्यक्रमातून शासनाचे साहाय्यही मिळालेले आहे. शाळा दूर असली तरी शिक्षण थांबू नये, हा त्यामागील हेतू.

परंतु सायकल मिळाली म्हणजे सारे झाले, असे नाही. समजा, एका घरी मोठ्या भावाची सायकल आता धाकट्या बहिणीकडे आली आहे. शाळा पाच किलोमीटरांवर. पहिले चार दिवस आनंदात गेले. पाचव्या दिवसापासून तिचा गुडघा दुखू लागला, मनगटे अवघडू लागली. "सायकल नको, मी शाळेतच जात नाही," असे ती म्हणू लागली. आईला वाटले, मुलगी नाजूक आहे. बाबांना वाटले, नवी सायकल घ्यावी लागणार आणि धान विकले जाईपर्यंत तेवढे पैसे कोठून आणावेत? वास्तविक मुलगी नाजूक नव्हती आणि सायकलही वाईट नव्हती. ती सायकल तिच्या मापाची केलेली नव्हती, एवढेच.

आपण मुलांना वाढत्या अंगाचे कपडे शिवतो. सदरा थोडा सैल असला तर बिघडत नाही. सायकलीचे मात्र तसे नाही. थोडा हिशेब करून पाहा. पायडलाजवळच्या मोठ्या चक्राला ४४ दाते आणि मागील चाकाच्या लहान चक्राला १८ दाते असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात मागील चाक सुमारे अडीच वेळा फिरते. चाक २८ इंची असेल, तर एवढ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. म्हणजे पाच किलोमीटरांसाठी प्रत्येक गुडघा नऊशेहून अधिक वेळा वाकतो आणि सरळ होतो. जाऊन येऊन ही संख्या अठराशेच्या वर जाते. दर वेळी गुडघा चुकीच्या रीतीने वाकला, तर तो दुखल्यावाचून कसा राहील?

माणसाच्या पायाचे माप आणि सायकल यांचे नाते फार जुने आहे. जर्मनीतील कार्ल ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांचे लाकडी वाहन तयार केले. त्याला पायडल नव्हते. जमिनीला पायांनी रेटा देत ते चालवावे लागे. पुढे १८७० नंतरच्या काळात प्रचंड पुढचे चाक आणि इवलेसे मागचे चाक असलेल्या उंच सायकली आल्या. त्यांची पायडले पुढच्या चाकालाच जोडलेली असत. चाक जितके मोठे, तितका वेग अधिक. म्हणून ज्याचे पाय जितके लांब, तितके मोठे चाक तो घेई. पायाच्या मापावरून सायकल निवडावी लागे आणि उंचावरून पडण्याचे भयही असे. १८८५ साली इंग्लंडातील जॉन केंप स्टार्ली याने जवळजवळ सारख्या आकाराच्या चाकांची, साखळीने चालणारी सायकल बनविली. साखळीमुळे वेगासाठी चाक मोठे असण्याची गरज उरली नाही. सीट वरखाली करून एकच सायकल निरनिराळ्या उंचीच्या माणसांना वापरता येऊ लागली. आज आपल्या दारात उभी असलेली सायकल त्याच वंशातील आहे.

आता आपल्या घरची सायकल आपल्या मापाची कशी करावी, ते पाहू. यासाठी एक पाना, मोजपट्टी, एक दोरी आणि एक लहानसा दगड एवढीच सामग्री पुरे. पाना घरी नसेल, तर गावातील सायकल दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मिळेल.

प्रथम सांगाडा तपासावा. सायकलीच्या आडव्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभे राहावे. पावले सपाट टेकली असता दांडा आणि शरीर यांत एक-दोन इंच अंतर राहिले पाहिजे. ते राहत नसेल, तर ती सायकल आपल्याला मोठी आहे असे समजावे. जुन्या धाटणीच्या काळ्या सायकली बहुधा २२ किंवा २४ इंची मिळतात. हे माप चाकाचे नव्हे, सीटखालील उभ्या नळीचे असते. सांगाडाच मोठा असेल, तर पान्याने तो लहान करता येत नाही. अशा वेळी ओळखीच्या घरी वापरात नसलेली लहान सायकल आहे काय, याची चौकशी करावी. दोन्ही घरांची सोय होऊन अदलाबदलही होऊ शकते.

यानंतर सीटची उंची. कोणाला तरी सायकल धरावयास सांगून सीटवर बसावे. एक पायडल अगदी खाली आणावे आणि त्यावर पावलाची टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग टाचेऐवजी पावलाचा पुढचा रुंद भाग पायडलावर ठेवावा. आता गुडघा किंचित वाकलेला दिसेल. हीच योग्य उंची होय.

या उंचीचा हिशेबही मांडता येतो. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे. दोन्ही पायांमध्ये एक पुस्तक आडवे धरून सीटप्रमाणे वर दाबावे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. इंग्लंडातील हॅम्ले आणि टॉमस या संशोधकांनी १९६७ साली असे दाखविले की, खाली आलेल्या पायडलापासून सीटच्या वरच्या भागापर्यंतचे अंतर या मापाच्या सुमारे १०९ टक्के असावे. तुमचे माप ६६ सेंटिमीटर भरले, तर हे अंतर सुमारे ७२ सेंटिमीटर येईल. टाचेची रीत आणि हा हिशेब यांची उत्तरे एकमेकांच्या जवळ येतात की नाही, हे अवश्य ताडून पाहावे.

मात्र एक सावधगिरी हवी. सीट वर चढविताना तिची नळी निदान अडीच इंच तरी सांगाड्याच्या आत राहिली पाहिजे. नळीवर खूण असेल, तर ती खूण बाहेर दिसता कामा नये. नाहीतर नळी वाकेल किंवा निसटेल. तसेच योग्य उंचीच्या सीटवर बसले असता पायांची केवळ बोटेच जमिनीला लागतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकण्याची सवय करावी. जो नुकताच शिकत आहे, त्याने मात्र दोन्ही पावले टेकतील इतकी सीट खाली ठेवावी आणि तोल साधू लागला की थोडी थोडी वर न्यावी.

आता सीट पुढे असावी की मागे? एक पायडल पुढे आणून दोन्ही पायडले समान पातळीत ठेवावीत. दोरीला दगड बांधून ओळंबा करावा आणि पुढील गुडघ्याच्या वाटीखालून सोडावा. तो पायडलाच्या मध्यावर, त्याच्या आसाजवळ आला, की सीट जागेवर आहे असे समजावे. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे जसे पाहतो, तसेच हे.

शेवटी हँडल. ते सीटइतके किंवा तिच्याहून थोडे उंच असावे. कोपर किंचित वाकलेले राहावे. जुन्या सायकलींचे ब्रेक लोखंडी सळयांचे असतात. अशा सायकलीचे हँडल वर घेतल्यास सळयांची जोडणीही पुन्हा बसवावी लागते. म्हणून हे काम जाणत्याकडूनच करून घ्यावे आणि नंतर दोन्ही ब्रेक चालवून पाहिल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. भंडारा, लाखनी आणि साकोली या गावांवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. तेथे बिघडलेल्या ब्रेकला क्षमा नाही.

सायकल चालवू लागल्यावर शरीर स्वतःच चुका सांगते. गुडघा पुढच्या बाजूने दुखला, तर बहुधा सीट फार खाली असते. मागच्या बाजूने दुखला किंवा कंबर डावीउजवीकडे डुलू लागली, तर सीट फार वर असते. तळहात बधिर झाले, तर हँडल खाली किंवा दूर असते, अथवा सीटचे टोक खाली झुकलेले असते. एका वेळी एकच बदल करावा आणि तो थोडाच करावा, म्हणजे कशाने गुण आला ते कळते.

एकच सायकल भाऊ आणि बहीण दोघे वापरीत असतील, तर सीटच्या नळीवर रंगाच्या दोन खुणा कराव्यात, एक भावाची आणि एक बहिणीची. सायकल ज्याच्या हाती जाईल, त्याने सीट आपल्या खुणेवर आणून बोल्ट घट्ट करावा. दर सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्यावे, कारण सायकल वाढत नसली तरी तुम्ही वाढत असता.

त्या मुलीची सीट दोन इंच वर गेली आणि हँडल थोडे उंच झाले, की तिला नव्या सायकलीची गरज उरणार नाही. बाबांना कर्ज काढावे लागणार नाही आणि तिची शाळाही सुटणार नाही. आपल्याजवळ आहे ती वस्तू नीट पाहणे, मोजणे आणि आपल्या उपयोगाची करून घेणे ही मोठी विद्या आहे.